कृष्णाबाईंच्या चित्रान्नाचा बाजारभाव

रघुनंदनरावांना यशवंतपुरात तोंडावर सगळे रघुअण्णा म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही. एकतीस वर्षं सरकारी ऑडिटमध्ये काढल्यावर माणसाची नजरच तशी होते. देवळात प्रसादाचा द्रोण हातात आला तरी अण्णा आधी शेजाऱ्याच्या द्रोणात डोकावतात. निवृत्तीनंतर ते दिवसभर घरात बसून डाळीच्या डब्यांवर तारखा लिहू लागले, तेव्हा कृष्णाबाईंनीच त्यांना रविवारच्या फुटबॉल लीगच्या नियम समितीवर ढकललं.

तरुणपणी अण्णा यशवंतपूर यंग स्टार्सच्या बचावफळीत खेळत. चेंडू गेला तरी चालेल, समोरच्याचा पाय जाता कामा नये, अशी त्यांची पद्धत. आजही ते त्या क्लबचे आजन्म सभासद आहेत. यंदा क्लबची हालत नाजूक होती. हंगाम संपला तेव्हा वरच्या गटातून खाली घसरण्यापासून तो फक्त दोन गुणांनी वाचला होता. आता हिशेब तपासून निकाल जाहीर करणं तेवढं उरलं होतं.

हिशेबाचा नियम अण्णांनीच लिहिलेला. हंगामाला खर्च तीन लाख, वर एक रुपया गेला तरी तीन गुण कापायचे. आणि मालकाच्या किंवा आजन्म सभासदाच्या घरून क्लबला जे काही येईल ते बाजारभावानं खर्चात धरायचं.

या नियमात पहिला सापडला वेदांत. पुण्याचा पोरगा, एचएसआर लेआउटमध्ये घरपोच किराण्याची कंपनी, आणि हौस म्हणून विकत घेतलेला लीगमधला दुसरा एक क्लब. त्याच्या तीन स्ट्रायकरांचे पगार क्लबच्या वहीत नव्हतेच. ते त्याच्या कंपनीत 'ग्राहक-आनंद अधिकारी' होते.

"किती ग्राहक आनंदी केले यांनी?" अण्णांनी विचारलं.

"काका, दे आर एम्प्लॉईज! क्लबशी काय संबंध?"

"कोरमंगलाच्या पीजीचं भाडं, तीन स्कूटर, हे सगळं आनंदासाठीच?"

अण्णांनी तो सगळा आनंद बाजारभावानं मांडला. अकरा लाख.

दोन दिवसांनी वेदांतची तक्रार आली. वकिलानं लिहिलेली, सोबत फोटो जोडलेले. फोटोत यंग स्टार्सचे बावीस जण मॅचनंतर चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, खात होते. वाढणाऱ्या बाईंवर लाल गोल काढला होता. सौभाग्यवती कृष्णाबाई, आजन्म सभासदाची पत्नी. चोवीस रविवार.

अण्णा खुर्चीत बसले ते बसलेच. वीस वर्षं बायको पोरांना फुकट खाऊ घालत होती, आणि तो खर्च आहे हे त्यांच्या ऑडिटरी डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

वेदांतचा लगेच फोन. "काका, सिंपल आहे. तुम्ही माझं विसरा, मी काकूंचं विसरतो. विन-विन."

"विचार करतो," अण्णा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच.

मग त्यांनी पेन्सिल काढली. क्लबचा वहीतला खर्च दोन लाख चौसष्ट हजार, वर पाचशे अठ्ठावीस प्लेटी. चाळीस रुपये धरले तर क्लब तीन लाखांच्या आत आरामात बसत होता. वेदांतची मेहेरबानीही नको, पापही नको. ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"अगं, तुझ्या चित्रान्नाचे चाळीस लावतोय."

कृष्णाबाईंनी झारा खाली ठेवला. "चाळीस? माझ्या?"

"स्वल्प समजून घे—"

"कोपऱ्यावरचा यल्लाप्पा गारढोण भात, वर मोजून चार शेंगदाणे, त्याचे साठ घेतो. आणि माझ्यात शेंगदाणे, काजू, ओलं खोबरं. सत्तरच्या खाली एक रुपया लिहिलात तर उद्यापासून यल्लाप्पाकडे जेवा."

"सत्तर लावले तर क्लब खाली जातो, कृष्णा."

"मग जाऊ दे. चूक सांगितलं का मी? सांगा की!"

चूक नव्हतं. हाच वैताग होता. यल्लाप्पाचा भाव त्यांनाही पाठ होता. अण्णांनी पेन्सिलीचा आकडा खोडला आणि शाईनं सत्तर लिहिले. बेरीज तीन लाख नऊशे साठ.

बैठकीत त्यांनी दोन्ही निकाल एका दमात वाचले. दोन्ही क्लबांचे तीन-तीन गुण वजा. वेदांतचा क्लब सात गुणांनी पुढं होता, तो चार गुणांनी पुढं राहून अजिंक्य ठरला. यंग स्टार्स खालच्या गटात. वेदांतनं टाळी वाजवली, पण एकट्याचीच पाहून हात खिशात घातले.

बाहेर यंग स्टार्सचा कोच कल्लाप्पा वाट पाहत होता.

"नऊशे साठ रुपये, अण्णा! एका रविवारी चौदा जणांना उपास घडवला असता, तरी वाचलो असतो की हो!"

"आधी सांगायचंस."

"आधी मला कुठं ठाऊक होतं? तुम्हाला तरी होतं का?"

"नव्हतं," अण्णा म्हणाले, "म्हणून तर माझेही तीन गुण कापायला पाहिजेत." आणि समितीचा राजीनामा त्यांनी त्याच्याच हातात दिला, आत नेऊन द्यायला.