दसऱ्याचं ते एक ताट

तुमच्याकडे न परतलेल्या माणसाचं ताट वाढतात का? आमच्याकडे वाढतात!

सासरचे एक पूर्वज पेशवाईत फौजेबरोबर तंजावरकडे गेले, ते आलेच नाहीत. मेल्याचा निरोप नाही, म्हणून श्राद्ध नाही. दर दसऱ्याला ताट मात्र वाढायचं, मग गाईला द्यायचं. इथे इंग्लंडात, रीडिंग शहरात गाय कुठली? नवराच संपवतो.

परवा ऑफिसमधला तंजावरचा कार्तिक लंचला म्हणाला, "आमचे मूळपुरुष मराठा शिपाई. तिकडेच रान मोडून शेती केली." त्यांचं मूळ गाव माझ्या सासरचंच, कुलदैवत तेच, गावी राहिलेल्या भावाचं नावही तेच! तिथेच त्याला दसऱ्याला जेवायला बोलावलं.

आज त्याला त्याच ताटावर बसवलं. पुरणपोळी संपवून लाजत म्हणाला, "अक्का, अजून एक मिळेल?"

व्हिडिओ कॉलवरून सासूबाई ओरडल्या, "विचारतोस काय? वाढ गं त्याला, पेशवाईपासून उपाशी आहे तो!"