फरीदाबादचा शुक्रवार

पठाणकोटहून माझी बदली दिल्ली कॅन्टला झाली तेव्हा मी हवालदार होतो, सॅपर, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलातला. सोळा वर्षं नोकरी झाली होती. बायको सुनीता केंद्र सरकारच्या एका खात्यात क्लार्क होती. तिला लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर मिळालं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही एका छपराखाली राहायला लागलो.

मला बॉम्ब डिस्पोजलच्या तुकडीत घेतलं. देश नुकताच बाहेरच्या मालाला खुला झाला होता. गुडगावला शेतांत टॉवर उठत होते. त्यांना सळया लागत, आणि सळयांसाठी जहाजं भरून परदेशी भंगार येई. त्या भंगारात कुठल्या कुठल्या लढायांमधले न फुटलेले गोळे निघत. भट्टीवाला पोलिसांना फोन करायचा, पोलीस आम्हाला. साडेपाचला पीटी, सातला गाडीची तपासणी, आठपासून स्टँड-बाय. बहुतेक दिवस काहीच होत नसे.

तुकडीत मराठी बोलणारे दोघेच. मी साताऱ्याकडचा आणि लान्स नायक इक्बाल मुकादम दापोलीजवळचा. बाकीच्यांशी हिंदी, आमचं आपसांत मराठी. रविवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. सुनीताला तो भाभी म्हणायचा नाही, वहिनी म्हणायचा.

त्या शुक्रवारी ०९२० ला कॉल आला. फरीदाबादमधली एक लोखंड वितळवायची भट्टी. कॅप्टन साहेब, मी, इक्बाल आणि आणखी चौघे. १०४५ ला पोचलो. आवारात भंगाराचे तीन ढीग होते, दोन गोळे वरच दिसत होते. कामगारांना बाहेर काढलं, चारी बाजूंनी कॉर्डन लावलं, ढिगाला सँडबॅगचा आधार दिला. दोन्ही गोळे उचलून वाळूच्या खड्ड्यात ठेवले. मग ढीग तपासायचं काम माझं. लोखंडाच्या ढिगात डिटेक्टर निरुपयोगी असतो. तिथे डोळे आणि हात. मी सव्वा तास तपासलं आणि वायरलेस सेटवर कॅप्टन साहेबांना सांगितलं. अल्फा हे माझं सेटवरचं नाव.

"अल्फा, एरिया क्लिअर. ओव्हर."

"पक्का? ओव्हर."

"पक्का, सर. ओव्हर."

१२५० ला इक्बाल माझ्याजवळ आला. "हवालदारसाहेब, आज जुम्मा आहे. मोठ्या रस्त्यावर मशीद आहे. पाऊण तासात येतो."

मी म्हटलं, "आधी त्या सँडबॅग उचलून गाडीत टाक. मग जा."

"जी," तो म्हणाला. त्याने कधी वाद घातला नाही.

१३१० ला तिसरा गोळा फुटला. एका गंजक्या पाइपच्या आत होता. सँडबॅग काढल्यावर ढीग घसरला. मी चाळीस पावलांवर ट्रकच्या मागे होतो. मला एक ओरखडाही आला नाही. सेटवर कॅप्टन साहेब विचारत होते, "अल्फा, रिपोर्ट. रिपोर्ट." मी "कॅज्युअल्टी वन" एवढं म्हणालो. समोर धूळ खाली बसत होती आणि मशिदीच्या लाउडस्पीकरवरून खुतब्याचा, नमाजआधीच्या प्रवचनाचा, आवाज येत होता.

इक्बालच्या शवपेटीबरोबर मला त्याच्या गावी पाठवलं. पेटी उघडू नका, असा हुकूम होता. त्याचे वडील शाळेतून रिटायर झालेले मास्तर, उंच, पांढरी दाढी. दफन झाल्यावर त्यांनी मला अंगणात खुर्ची दिली. स्वतः उभेच राहिले.

"हवालदारसाहेब, शुक्रवार होता ना?"

"होय."

"नमाज मिळाली का त्याला?"

मी म्हणालो, "मिळाली. नमाज पढून आला, मग झालं."

त्यांनी डोळे मिटले. "अल्हमदुलिल्लाह," म्हणाले, आणि मग खाली बसले.

चौकशी झाली. कोणाचाही दोष नाही, असा निष्कर्ष निघाला. मी तो कागद तीनदा वाचला. दोष होता आणि तो कोणाचा हे मला माहीत होतं. मला शिक्षा हवी होती, ती कोणी देईना.

मी मंगळवारचा उपास सुरू केला. आर. के. पुरमच्या देवळात जायला लागलो. तिथे हात जोडले की मागणंच तोंडात यायचं, आणि मला मागायचं काही नव्हतं. आर. के. पुरममध्येच एका सत्संगाला सहा महिने गेलो. ते म्हणाले, सगळं आधीच ठरलेलं असतं, तू निमित्त. बाकीच्यांना त्याने धीर आला असेल. मी मध्येच उठून बाहेर आलो, पुन्हा गेलो नाही. जेवण सुटलं. सुनीताने एकदा माझा सर्व्हिस बेल्ट कपाटात कुलूप लावून ठेवला. मी जिवाचं काही करून घेईन, ही तिला भीती होती.

कुराणाचा मराठी तरजुमा, म्हणजे भाषांतर, मी आधी वाचला तो इक्बाल काय वाचायचा हे कळावं म्हणून. पुढे त्याच्यासाठी वाचणं थांबलं. त्यात लिहिलं होतं की कोणी दुसऱ्याचं ओझं उचलणार नाही, आणि कणभर केलेलंही माणसाला दिसेल. इतकं सरळ मला कोणीच बोललं नव्हतं. माझं मलाच उचलायचं होतं. मध्ये कोणी निमित्त नव्हतं, कोणी वकील नव्हता.

भट्टीजवळच्या त्याच मशिदीत एक म्हातारे मौलाना होते. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले,

"किसी मरे हुए की जगह भरने आए हो तो लौट जाओ, बेटा."

मी परत गेलो. वर्षभराने पुन्हा आलो. या वेळी त्यांनी विचारलं, "अब किसके लिए आए हो?"

"अपने लिए."

मुसलमान होणार, हे सुनीताला मी त्याआधीच सांगितलं. ती भाजी चिरत होती. चिरायची थांबली नाही.

"घर सोडणार?"

"नाही."

"मला बदलायला सांगणार?"

"नाही."

"मग देवघराला हात लावू नका. आणि तुमच्या भावाला तुम्हीच कळवा. मी नाही सांगणार." थोड्या वेळाने म्हणाली, "यात तरी तुम्ही जगताय का, बघते."

दुपारच्या नमाजनंतर दोन साक्षीदारांसमोर मी कलमा पढला. अडखळत. मौलानांनी मिठी मारली. वाटलं होतं, छातीवरचं काहीतरी उतरेल. उतरलं नाही. बाहेर येऊन बस पकडली.

सीओ साहेबांनी ऑफिसात बोलावलं. "शेडगे, कोणाचं प्रेशर?"

"नो सर."

"आर यू शुअर?"

"येस सर."

रेकॉर्डला नोंद झाली. नाव तेच ठेवलं, विलास. लंगरमध्ये, फौजेच्या जेवणघरात, कोणी वाईट बोललं नाही. शेजारी बसणारे कमी झाले, इतकंच. भावाचं उत्तर आलं, एका ओळीचं: आईच्या वर्षश्राद्धाला येऊ नकोस.

खोटं बोलून सज्दा करता येईना. कपाळ जमिनीला टेकलं की मास्तरांचे मिटलेले डोळे दिसायचे. सुट्टी काढून दापोलीला गेलो. ते अंगणात होते. मी टोपी घातलेली पाहून त्यांनी सलाम केला, मीही केला. मग उभ्यानेच सांगितलं. त्याने सुट्टी मागितली होती, मी दिली नाही. ढीग मीच क्लिअर म्हटला होता. नमाज मिळाली नव्हती.

ते रागावले नाहीत. म्हणाले,

"अडीच वर्षं मी त्या एका गोष्टीवर झोपत होतो. आज तुम्ही तीही नेलीत."

"माफ करा."

"माफी अल्लाह देईल. त्याच्याकडेच मागा. माझ्याकडे आता काही उरलं नाही." त्यांनी मला पाणी आणून दिलं, मी प्यायलो, आणि ते आत गेले. पुन्हा बाहेर आले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात ते वारले. पत्र उशिरा मिळालं.

मी नायब सुभेदार होऊन रिटायर झालो. आम्ही आता फरीदाबादलाच राहतो. भट्टीच्या जागी फ्लॅट झाले आहेत. मी आजही मुसलमान आहे. इक्बालसाठी झालो असतो, तर त्या अंगणातच ते संपलं असतं. शांती मिळाली का, असं लोक विचारतात. नाही मिळाली. पाच वेळा ज्याच्यासमोर उभा राहतो, त्याच्याशी खोटं बोलत नाही, एवढंच सांगू शकतो.

लान्स नायक इक्बाल मुकादम. वय अठ्ठावीस. वडिलांचा एकुलता एक. दिल्लीच्या माशाला बर्फाचा वास येतो म्हणायचा आणि तरी दोनदा वाढून घ्यायचा. तुकडीत सगळ्यांत हलक्या हाताचा माणूस तोच होता. ढीग त्याने तपासला असता, तर तो पाइप त्याने सोडला नसता.