वाटणीत न आलेलं मशीन

वाटणी झाली तेव्हा जमीन, बैल, भांडीकुंडी सगळं दोन घरांत गेलं. विहिरीच्या पाण्याच्याही पाळ्या ठरल्या. फवारणीचं मशीन तेवढं कापता येईना, म्हणून ते सामाईक राहिलं. सत्तर सालानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट. श्रीगोंद्याकडे आमची लिंबाची बाग, आणि बांधापलीकडे धाकट्या दिरांची. मशीन पाठीवर घ्यायचं, पेट्रोलवर चालायचं. आतला पंखा जोरात वारा सोडायचा आणि औषध झाडभर बसायचं. एक पाळी त्यांची, एक आमची.

त्यांच्याकडे ते खणखणीत चालायचं, बांधाअलीकडे मला ऐकू यायचं. आमच्याकडे आलं की मात्र त्याची वाचा बसायची. हे दोरी ओढून ओढून घामाघूम व्हायचे. चालू झालंच तर खोकत खोकत बंद पडायचं. मला पहिल्यापासून खात्री होती, दीर पाठवण्याआधी कार्बोरेटरचा, पेट्रोल कमीजास्त करायचा स्क्रू फिरवून ठेवतात. इतकं गोड बोलणारा माणूस मला आधीपासूनच पटत नाही.

"त्यो न्हाई असं करायचा," हे म्हणायचे. भाऊ पडला ना.

तरी मी यांच्या मागे लागून स्क्रूवर खूण करवून घेतली. स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर खिळ्याने एक सरळ रेघ ओढली आणि मशीन पलीकडे पाठवलं.

त्याच सुमाराला आमच्या नव्या पालवीवर नागअळी पडली. कोवळी पानं गोळा व्हायला लागली. पालवी गेली की फळ गेलं, आणि घर त्या फळावरच चालायचं. अशात मशीन परत आलं ते बंदच. रेघ पाहिली तर मोडलेली, स्क्रू चांगला अर्धा फेरा सरकलेला. खरं सांगते, मला आनंदच झाला.

मशीन खांद्यावर टाकून हे तडक बांधापलीकडे गेले. मी मागोमाग.

"स्क्रू कुनी फिरवला?"

"म्या फिरवला, दादा," दीर म्हणाले. "तुमच्याकडनं आलं की ते धड चालतच न्हाई. फिरवून फिरवून लावावं लागतं. मला वाटलं, तुमीच बिघडवून धाडता."

जाऊ दारात उभी होती. तिने माझ्याकडे जे पाहिलं त्यावरून कळलं, त्या घरात हाच संशय माझ्यावर होता.

दोघे भाऊ तिथेच बसले आणि परातीत कार्बोरेटर खोलला. पेट्रोल जायचं जेट, म्हणजे बारीक भोकाचा पितळी तुकडा, यांनी उन्हाकडे धरलं. पलीकडचा उजेड दिसेना. आत पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचा वाळलेला चिकटा आणि गाळ.

"धाडताना टाकी रिकामी करतो का रं?" यांनी विचारलं.

"व्हय. बंद पडंस्तवर चालवतो. आन् तुमी?"

आम्हीही तेच करत होतो. आपलं पेट्रोल फुकट त्या घरी जाऊ नये म्हणून शेवटचा थेंब जाळायचा. तळचा गाळ त्या थेंबाबरोबर जेटमध्ये उतरायचा, तिथेच वाळायचा, आणि भोगायचं पुढच्याने.

जेट रॉकेलने धुऊन, फुंकून पुन्हा बसवलं. दिरांनी दोरी ओढली, यांनी कान देऊन स्क्रू जरा आत, जरा बाहेर केला. आवाज एकसारखा लागला. त्याच दिवशी आमची बाग फवारून झाली, पालवी वाचली. टाकीत पेट्रोल राहू द्यायचं, असं दोघांत ठरलं.

पुढच्या पाळीला मशीन अर्ध्या टाकीनिशी आलं. मी झाकण काढलं आणि वास घेतला. रॉकेल तर मिसळलं नसेल? बोट बुडवून हातावर चोळूनही पाहिलं. मान वर केली तर हे समोर उभे. यांनी मशीन उचललं आणि भावाकडे नेऊन ठेवलं, कायमचं.

तेव्हापासून आमची बाग फवारायला दीर स्वतः यायचे. आधी आमची झाडं, मग त्यांची. मी चहा घेऊन गेले की दोघे भाऊ बोलता बोलता थांबायचे. कप हातात घ्यायचे आणि मी परत फिरेपर्यंत झाडांकडे बघत राहायचे.