साखरेच्या पाण्यात लागलेला बल्ब

रोहण्याहून आर्वीच्या विज्ञान प्रदर्शनाला निघाले तेव्हा मी दहावीत होते. तिथे नंबर आला तर पुढे वर्धा, तेही घरच्यांशिवाय, शाळेसोबत! आमच्या घरातली एकही मुलगी तशी गेली नव्हती. बाबा म्हणाले होते, "नंबर आन, मंग पाहू." त्या 'पाहू'वर मी हवेत होते.

प्रयोग साधाच. एका ग्लासात मिठाचं पाणी, दुसऱ्यात साखरेचं. टॉर्चचे सेल, वायरी, छोटा बल्ब. मीठ आयनिक, म्हणून बल्ब लागतो. साखर सहसंयुज, म्हणून लागत नाही. मागे नावांचा तक्ता मीच रंगवला होता. दोन्ही अधातू असले की अणू मोजून नाव द्यायचं, जसं कार्बन डायऑक्साइड. धातू आला की मोजायचं नाही. क्लोरीन दोन असले तरी नुसतं कॅल्शियम क्लोराइड. आमचे सर सांगत, सहसंयुजांची इलेक्ट्रॉनची विहीर सामायिक. आयनिकांत एकानं देऊन टाकलं, दुसऱ्यानं घेतलं.

परीक्षक आले. मिठात बल्ब झकास लागला. मी ऐटीत वायरी साखरेच्या पाण्यात बुडवल्या, आणि मेला तिथेही लागला!

"साखर सहसंयुज ना? मग हे कसं?" परीक्षकांनी विचारलं.

माझा पारा चढला. प्रयोगातलं काही चाखायचं नाही हा नियम गेला उडत. बोट बुडवून जिभेवर ठेवलं. गोड, आणि खारटही! मी आईकडे पाहिलं. ती सोबतीला आली होती आणि साखरेचा डबा तिनंच भरला होता. आमच्याकडे लिंबाच्या शरबतासाठी साखर दळून, मीठ मिसळून तयार ठेवत, पाहुणा आला की धांदल नको म्हणून. माउलीनं तीच दिली होती. घरातली सगळ्यात चांगली म्हणून!

"बरं, आता याचं नाव सांग," परीक्षक म्हणाले.

वर्धा हातचं चाललं होतं. रडू येत होतं, पण तक्ता पाठ होता.

"याले नाव नाई, सर. हे एक संयुगच नाई. साखर नि मिठाचं मिश्रण आहे. बल्ब मिठानं लागला."

"बरोबर. याला नाव नाही."

"काऊन नाई जी?" आई मागून बोलली. "आमच्या घरी पाहुण्यांची साखर म्हणतेत तिले."

परीक्षक पोट धरून हसले. आमचा नंबर आला.

वर्ध्याच्या बसमध्ये बसले तेव्हा पिशवीत दुकानातून आणलेली कोरी साखर होती. आणि एक वेगळी पुडी, तिथल्या परीक्षकांच्या शरबतासाठी, आईनं बांधून दिलेली.