मी दिसेनाशी झाले की

दोन हजार तीनच्या ऑक्टोबरमध्ये काकूंनी त्यांचा पोपट आमच्याकडे आणून ठेवला. काका माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात सीनियर होते, वीस-बावीस वर्षं अमेरिकेत राहिलेले. काकूंच्या आईला नागपूरला अर्धांगवायूचा झटका आला आणि दोघांना सहा-सात महिने तरी तिकडे राहावं लागणार होतं. त्यांची मुलगी इथेच जन्मलेली, कॉलेजच्या डॉर्ममध्ये राहणारी. तिथे पेट्स चालत नव्हते.

"तू दिवसभर घरीच असतेस ना," काकू मला म्हणाल्या. "तुलाही सोबत होईल गं."

ते खरंच होतं. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. नवऱ्याचं प्रोजेक्ट दुसऱ्या शहरात, त्यामुळे तो सोमवारी पहाटे जायचा आणि गुरुवारी संध्याकाळी परत यायचा. शिकागोजवळ शॉमबर्गच्या त्या अपार्टमेंटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, मी आणि साडेतीन वर्षांची मुलगी. मला तेव्हा गाडी चालवायचीही सवय नव्हती. बर्फ पडायला लागला की चार-चार दिवस मी दारातून बाहेर पाऊल टाकायची नाही.

पोपट मोठा होता, कावळ्याहून जरासाच लहान. हिरवागार आणि मानेवर पिवळा पट्टा. चौदा वर्षांचा. पहिले काही दिवस तो पिंजऱ्यात अंग आकसून बसला. मग एका दुपारी माझ्या मांडीवर आला आणि शालीत शिरला. मी त्याच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवत राहिले. त्याने डोळे मिटले. त्या दिवसापासून रोज दुपारी तेच. मी त्याला बोटांनी गरम मऊ भात भरवायची. तो सोफ्याखाली अंधारात तासन् तास बसायचा आणि मी म्हणायची, बसू दे, बिचाऱ्याला घराची आठवण येत असेल. रात्री मी टीव्ही लावून जागायची, तोही माझ्याबरोबर जागा. मी त्याच्याशी मराठीत बोलायची. मुलगी हळूहळू इंग्लिशमध्ये उत्तरं द्यायला लागली होती, त्यामुळे ऐकून घेणारा तोच एक.

मार्चमध्ये बर्फ वितळायला लागला आणि त्याचं काहीतरी बिनसलं.

एकदा मी अंघोळीला गेले आणि बाथरूमचं दार लावलं. बाहेरून अशी किंकाळी आली की मी ओल्या अंगावर टॉवेल गुंडाळून धावले. मला वाटलं, मुलीला काहीतरी झालं. मुलगी दोन्ही कानांवर हात ठेवून उभी होती. पोपट पिंजऱ्याच्या टोकावर, शेपूट पंख्यासारखी पसरलेली, डोळ्यांतली बुबुळं क्षणात लहान, क्षणात मोठी. मला बघताच तो गप्प झाला आणि त्याने खाल्लेलं अन्न माझ्या मनगटावर ओकलं. मी त्याला जवळ घेतलं. मला वाटलं, आजारी आहे.

त्यानंतर मी नजरेआड झाले की तेच. कपडे धुवायला खाली गेले, किंकाळी. कचरा टाकायला गेले, किंकाळी. सुरुवात पक्ष्यासारखी असायची, पण शेवट अगदी एखाद्या मुलाला मारावं तसा. मी धावत परत यायची आणि तो गप्प व्हायचा.

एका मंगळवारी मुलगी येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. पोपट सोफ्याच्या पाठीवर होता. त्याने कसलाही आवाज केला नाही. सरळ झेप घेतली आणि तिच्या गालाचा चावा घेतला. मी त्याला हाताने उडवून लावलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रक्त होतं. पुसून पाहिलं. जखम डोळ्याच्या खाली, दोन बोटं अंतरावर.

मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने."

मी नेलं नाही. खोटं कशाला सांगू. मराठी मंडळाच्या जेवणात कुणीतरी सांगितलेली गोष्ट डोक्यात होती, की इथे मुलाच्या अंगावर जखम दिसली तर डॉक्टरला कळवावंच लागतं आणि मग सरकार मूल घेऊन जातं. खरी की खोटी, मला ठाऊक नव्हतं. मी जखम धुतली, मलम लावलं आणि नवऱ्याला सांगितलं, "नर्सशी फोनवर बोलले." त्या रात्री मी मुलीच्या खोलीचं दार आतून लावून तिच्याशेजारी झोपले. ज्याला पाच महिने मांडीवर घेतलं, त्याची मला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दाराखालून लीझिंग ऑफिसचं, म्हणजे घर भाड्याने देणाऱ्यांचं, पत्र आलं. आवाजाबद्दल तक्रार आली आहे, पुन्हा आली तर घर सोडावं लागेल. नवऱ्याच्या व्हिसाची मुदतवाढ तेव्हा अडकलेली होती. घर गेलं, पत्ता बदलला, कागद हरवले तर काय, या विचाराने मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचत बसले.

आणि शुक्रवारी, नवरा ऑफिसला गेलेला असताना, दुपारी दार वाजलं. बाहेर पोलीस होता. एकटाच, उंच, कमरेला पिस्तूल.

"लहान मूल किंचाळत असल्याचा फोन आला आहे, मॅडम. आत येऊ का?"

मी बाजूला झाले. दाराची कड धरून उभी राहिले. मुलगी जमिनीवर चित्र काढत होती. तिने मान वर केली. गालावर ती जखम, भोवती निळं-पिवळं.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "हे कुणी केलं, स्वीटी?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. अनोळखी माणसापुढे तिची वाचाच बसायची.

"पोपट," मी म्हणाले. "पोपट चावला. ओरडतो तोही पोपटच." माझं इंग्लिश त्या दिवशी कुठे गेलं होतं कोण जाणे. त्याने पिंजऱ्याकडे पाहिलं. पोपट अंग चोरून, अगदी मुका बसला होता. परक्या माणसापुढे तोही बोलत नव्हता.

"हा ओरडतो?" पोलिसाने विचारलं. त्याचा विश्वास बसला नव्हता, हे मला दिसलं. तो मुलीकडे वळून पुन्हा म्हणाला, "आईला राग येतो का कधी?"

 मग मला एकदम सुचलं. मी म्हणाले, "एक मिनिट. मी त्या खोलीत जाते. तुम्ही इथेच थांबा." तो काही बोलायच्या आत मी बेडरूममध्ये गेले आणि दार लावलं. दाराला टेकून उभी राहिले. बाहेर माझी मुलगी एका पोलिसाबरोबर, आणि आत मी देवाची करुणा भाकत होते की आता तरी ओरड, ओरड रे बाबा. दहा-पंधरा सेकंद काहीच नाही. आणि मग ती किंकाळी आली.

मी बाहेर आले तेव्हा पोलीस एका कानावर हात ठेवून उभा होता. मुलगी त्याला सांगत होती, "बर्डी डिड इट. बर्डी बाइट्स."

"ओके," तो म्हणाला. वहीत काहीतरी लिहिलं. "मुलीला डॉक्टरला दाखवा. आणि याला पण." तो गेल्यावर मी जमिनीवर बसले आणि मुलीला जवळ ओढलं.

शनिवारी नवऱ्याने आम्हा सगळ्यांना गाडीत घातलं. आधी मुलीला दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली, काय झालं विचारलं, मी सांगितलं, त्यांनी औषध दिलं. बस, इतकंच. मग पक्ष्यांच्या डॉक्टरकडे. त्या पिकल्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी पोपट नीट तपासला आणि मग मला प्रश्न विचारत गेल्या. हात कुठून फिरवता? काय भरवता? किती वाजता झोपतो? अंधारी जागा आहे का?

मी खरं खरं सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"हा आजारी नाही," त्या म्हणाल्या. "हा पूर्ण वाढलेला नर आहे आणि वसंत आलाय. पाठीवरून हात फिरवणं, गरम मऊ अन्न, अंधारा कोपरा, रात्री उशिरापर्यंत उजेड. त्याच्या शरीराला यातून एकच कळतं, की तुम्ही त्याची जोडीदारीण आहात आणि घरटं तयार आहे. अन्न ओकतो तेही तुम्हाला भरवायला. तुमची मुलगी त्याला घरट्यातली घुसखोर वाटते."

नवरा छताकडे बघत होता. मला कुठे तोंड लपवू असं झालं. लाजेपेक्षाही वाईट म्हणजे, मुलीच्या गालावरची ती जखम आता मला माझ्याच हातांनी केल्यासारखी वाटत होती.

त्यांनी कागदावर लिहून दिलं. रोज बारा तास अंधार आणि शांतता. हात फक्त डोक्याला. सोफ्याखालची जागा बंद. भात बंद, दाणे कागदात गुंडाळून द्यायचे म्हणजे शोधण्यात वेळ जाईल. मुलगी जमिनीवर असताना पिंजरा बंद. आणि किंचाळला तर जायचं नाही. हळू शीळ घातली की लगेच जायचं. "आधी आठवडाभर जास्त ओरडेल," त्या म्हणाल्या. "तेव्हा गेलात, तर सगळं वाया."

तो आठवडा मला आठवतो. मी मुलीला घेऊन बेडरूममध्ये बसायची, बाहेर तो किंचाळायचा, आणि मी घड्याळाकडे बघत दारावरच्या थापेची वाट बघायची. हात मांडीखाली दाबून ठेवायची, नाहीतर उठून गेले असते.

बुधवारी थाप पडलीच. दारात खालच्या मजल्यावरची बाई होती, हॉस्पिटलच्या गणवेशात, डोळे सुजलेले.

"पोलिसांना मी बोलावलं होतं," ती म्हणाली. "मी रात्रपाळीची नर्स आहे. दिवसा झोपते. मला वाटलं, वर मुलाला कुणी मारतंय. नंतर ऑफिसर म्हणाला, पक्षी आहे. मला तो बघायचाय."

मला तिचा राग यायला हवा होता. पण ती माझ्या मुलीसाठी पलंगावरून उठली होती. मी तिला आत घेतलं, चहा केला आणि डॉक्टरांचा कागद दाखवला. तिने तो दोनदा वाचला. मग तिच्या झोपेच्या वेळा त्याच कागदाच्या मागे लिहिल्या. आम्ही दोघींनी मिळून पिंजरा जिन्याकडच्या भिंतीला सरकवला. तिची झोपायची खोली त्या भिंतीच्या खाली येत नव्हती.

अकराव्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेरून शीळ आली. बारीक, भीत भीत घातल्यासारखी. मी हातातलं टाकून गेले. त्याने मान खाली घातली, मी फक्त डोकं खाजवलं. नंतरही तो सकाळ-संध्याकाळ ओरडायचा, पण त्या किंकाळ्या मेपर्यंत कमी कमी होत गेल्या. लीझिंग ऑफिसचं दुसरं पत्र आलं नाही. मी मात्र त्याला पुन्हा कधी मांडीवर घेतलं नाही, आणि मुलगी त्या खोलीत एकटी असली की माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

जूनमध्ये काकू परत आल्या. पोपट न्यायला आल्या तेव्हा मी आधी मुलीचा गाल दाखवला. मग सगळं सांगितलं, पोलिसासकट.

काकूंनी तिचा गाल निरखून पाहिला. मग म्हणाल्या, "दरवर्षी मार्चमध्ये असंच होतं गं त्याचं. तुझ्या काकांच्या कानावर अजून खूण आहे."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तू घेतला असतास का? माझी आई तिकडे मरायला टेकली होती."

"नसता घेतला," मी म्हणाले.

काकूंनी मान हलवली आणि पिंजऱ्यावर चादर टाकली. मी डॉक्टरांचा कागद त्यांच्या पर्समध्ये घातला. जिना उतरताना त्यांना पिंजरा पेलेना, म्हणून मी दुसरी बाजू धरली आणि आम्ही तो गाडीपर्यंत नेला.