लेखकाच्या खिडकीतला समुद्र

बस स्थानकाच्या चौकशी खिडकीत बसणाऱ्या आत्याने कधी कुणाला चुकीचं उत्तर दिलेलं नव्हतं. कुठली गाडी कुठे लागते, कुठे बदलावी लागते, कुठल्या थांब्यावर चहा बरा मिळतो, सगळं तोंडपाठ. एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर ती सरळ "माहीत नाही" म्हणायची, आणि तेही अशा तोऱ्यात की विचारणाऱ्यालाच ओशाळं वाटावं. घरातही तोच खाक्या. त्यामुळे "लेखकाचं घर बघायला जाऊ, तिथल्या खिडकीतून समुद्र दिसतो," असं ती म्हणाली तेव्हा कुणी उलटतपासणी केली नाही. भावाने पोहण्याची चड्डी घेतली, वहिनीने टॉवेल घेतले, भाचीने वाळूसाठी बादली घेतली.

आत्याची सगळी धडपड तिच्या बाबांसाठी होती. लहानपणी ती पाय मोडून अंथरुणाला खिळली होती, तेव्हा बाबांनी तिला या लेखकाचं पुस्तक पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं होतं. पुस्तकातला लेखक लहानपणी आपल्या खोलीच्या खिडकीत बसून जहाजं बघायचा. बाप-लेकीने समुद्र पाहिला नव्हता. पाहायचा तर त्याच खिडकीतून, असं तेव्हा ठरलं होतं, आणि संसाराच्या रामरगाड्यात राहून गेलं होतं. आता बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते बसल्या जागी घोरू लागायचे. जे काही अंधुक दिसतंय तेवढ्यात समुद्र दाखवायचा, असा आत्याचा हट्ट होता. तिथे समुद्र आहे का, हे मात्र तिने कुणाला विचारलं नाही. लहानपणापासून जे डोळ्यांसमोर आहे त्याची चौकशी कोण करतं?

लेखकाच्या घराचं दार राखणदाराने उघडलं. टेबल, दौत, पलंग, कुणी हात लावू नये म्हणून सगळ्यांभोवती दोरी बांधलेली. आत्या तडक खिडकीपाशी गेली आणि तिने पडदा सारला. हातभर अंतरावर शेजारच्या गोदामाची भिंत होती. भिंतीवरून सांडपाण्याचा पाइप खाली गेला होता.

"सगळे हेच विचारतात," राखणदार म्हणाला. "साहेबांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता."

"गावाला रस्ता सांगतेस," भाऊ म्हणाला, "आणि आम्हाला टॉवेल देऊन गोदामात आणलंस."

वहिनी तोंडाला टॉवेल लावून हसली. आत्याचा संताप संताप झाला. "खोटारडा मेला," ती भिंतीवरच्या लेखकाच्या तसबिरीकडे बघून म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.

तेवढ्यात भाचीचा हात धरून बाबा आले. राखणदाराने दिलेल्या खुर्चीवर, खिडकीला तोंड करून बसले.

"आला का गं समुद्र?"

भावाचं हसू ओठांतच राहिलं. सगळे आत्याकडे बघू लागले. "नाही" हा शब्द तिच्या जिभेवर येऊन बसला होता.

"आला," ती म्हणाली. "समोरच आहे. एक जहाज आत्ताच सुटलंय. पाठोपाठ दुसरं. मोठं जरा उशिरा आहे."

"मध्ये थांबतं का कुठे?" भावाने विचारलं.

"विनाथांबा."

"गर्दी?" वहिनीने विचारलं.

"बसायला जागा मिळेल."

मग आत्या थांबेचना. पाण्याचा रंग, किनाऱ्यावरची पोरं, जाळी ओढणारे कोळी, आयुष्यात दाबून ठेवलेलं सगळं खोटं तिने त्या दुपारी खर्च केलं. गोदामाच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी मोरी धुतली आणि पाइप खळखळला. "ऐका, लाट आली," भाऊ घाईघाईने म्हणाला.

बाबांनी सावकाश खिडकीबाहेर हात काढला. बोटं भिंतीला लागली. आत्याचा आवाज बंद झाला.

"बोल की," बाबा म्हणाले.

"तुम्हाला कळलं?"

"तापलेल्या भिंतीची धग तोंडावर येते आहे. बसलो तेव्हाच कळलं."

"मग मला गप्प का नाही केलंत?"

"वेडी आहेस. खरा समुद्र असता तर तू तोंड मिटून बघत बसली असतीस. मला काय दिसलं असतं?"