तेल तापव, जने!

किस्से काय कुणी ठरवून साठवतं? मांदेली खाता खाता ताटाच्या कडेला काटे जमतात, तसे ते आमच्या टेबलावर जमलेत. नको म्हटलं तरी दर रविवारी एखादा पडतोच.

टेबल म्हणजे मी आणि गायकवाड सर. दोघेही रिटायर्ड. सर शाळेतून, मी तालुक्याच्या कचेरीतून. सर शांत, मी जात्याच घाबरट, त्यात डायबेटिस! आणि हॉटेल म्हणजे रेवसच्या जेट्टीजवळचं जनाताईंचं. मुंबईच्या डेकोरेटरनं केलेली अस्सल ‘कोळी थीम’. भिंतीवर जाळं, कोपऱ्यात वल्हं, खाली थंडगार बीअर. काउंटरवर एक जुना वायरलेस सेट. लोकांना वाटतं तोही थीमचाच. तो मात्र चालू असतो.

जनाताईंचा नवरा तुकारामदादा बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान. चार दिवस पाण्यावर काढून रविवारी खाडीच्या तोंडाशी आला, की वायरलेसवर एकच वाक्य बोलतो. “जने, तेल तापव!” ना हॅलो, ना कशी आहेस. त्यानंतरच ताई गॅस पेटवतात, आधी नाही. मग नाश्ता आणि जेवण एकदमच होतं. मुंबईचे लोक त्याला ब्रंच म्हणतात, आम्ही उपास सुटणं म्हणतो.

*

मी सरांना पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हाची गोष्ट. सरांनी चष्मा लावून रीतसर विचारलं, “मेनू कार्ड आहे का?”

जनाताई फडक्यानं टेबल पुसत म्हणाल्या, “हाय ना सर. पण अजून समुद्रात हाय.”

*

एकदा पुण्याची एक मुलगी रील करत होती. तिनं वायरलेसचा माइक उचलला, बटण दाबलं आणि सुरू झाली, “हॅलो फ्रेंड्स!” थोड्या वेळानं बटण सुटलं, तर पलीकडून एक जाडा आवाज. “कुठली बोट?”

मुलगी दचकली. पुन्हा बटण दाबून म्हणाली, “आम्ही पुण्याहून आलोय!”

पलीकडून तोच आवाज, “पुण्याला समुद्र कवा आला?”

हॉटेल हसून हसून आडवं! जनाताई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी माइक हिसकावून घेतला. बटण दाबलेलं असताना दादाची हाक आली असती, तर ती ऐकूच आली नसती! पुढच्या रविवारी सेटवर खडूनं लिहिलेली पाटी होती. “हात लावू नये. आत मालक आहेत.”

*

एका पावसाळ्यानंतर गेलो तर भिंत उघडी! जाळं गायब. मला वाटलं चोरी झाली. दादाचं जाळं फाटलं होतं, म्हणून बुधवारी पहाटे त्यानं भिंतीवरचं काढून नेलं होतं.

दोन पाहुण्यांनी विचारलंच, “फोटोत बघून आलो होतो, इथलं डेकोरेशन कुठाय?”

“येईल आत्ता,” ताई म्हणाल्या. “माशांसकट.”

*

आता माझी फजिती. साडेबारा वाजले तरी हाक नाही. माझी साखर खाली यायला लागली, डोळ्यांपुढे काजवे. गुपचूप आत गेलो, म्हटलं एक ऑमलेट तरी टाकू. गॅस पेटवला, तोच मागून हात आला आणि कॉक बंद!

“भाऊ, माझा माणूस पाण्यावर हाय, न् तुला अंड्याची घाई?”

मीही चिडलो. “अहो ताई, अंड्याचा आणि दादाचा काय संबंध?”

त्यांनी माझ्या हातात दोन केळी कोंबली. “तेल तापलं ना, की घरात घाई सुरू होते. ती घाई तिकडं पोचते. त्याला तिकडं घाई नको व्हायला.”

मी केळी खाल्ली. पुन्हा त्या गॅसकडे बघायची हिंमत झाली नाही.

*

आणि मग तो ऑक्टोबरातला रविवार. वाऱ्याचा इशारा शनिवारीच आला होता. सगळ्या बोटी परतल्या. राहिल्या दोनच, तुकारामदादाची आणि म्हादूची.

अकरा वाजले, बारा वाजले. वायरलेस नुसता खरखरतोय. पाहुण्यांनी हॉटेल भरलेलं, त्यांना काय माहीत? “एवढा वेळ?”, “सर्व्हिस नाही!” अशी कुरकुर सुरू झाली. तेव्हा गायकवाड सर उभे राहिले आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, “यांचे मालक समुद्रात आहेत. ज्यांना घाई आहे त्यांनी जावं. बाकीच्यांनी गप्प बसावं.” कुणीही उठलं नाही.

एक वाजता जनाताई उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी गॅस पेटवला.

हाकेशिवाय गॅस? सरांनी माझं मनगट घट्ट धरलं. “ताई?” मी दारातून विचारलं. कढईत तेल तापलं, धूर निघाला. त्यांनी ते ओतून टाकलं, नवीन तेल घातलं. तेही जळलं. तिसऱ्यांदा घातलं. मासळीला हात लावला नाही. देवाशप्पथ सांगतो, आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो.

दोन वाजता आवाज आला. दादाचा नव्हता.

“जनाताई, म्हादू बोलतोय.”

सरांनीच पुढे होऊन बटण दाबलं. “बोला.”

“दादाचं इंजिन बंद पडलंय. वायरलेसबी भिजला. दोरीनं ओढत आणतोय त्याला. माणसं सगळी बरी हायत.” मग लगेच, “पण ताई, दादाचं काय तरी बिघडलंय बघ! मगापासनं बोटीच्या तोंडावर उभा राहून हात करतोय. एका हातानं काय तरी ओततोय, दुसऱ्या हातानं हलवतोय. वाऱ्यात काय ऐकू येत नाय. डोक्याला मार बसलाय का काय त्याच्या?”

जनाताईंनी सरांच्या हातातून माइक ओढला.

“म्हादू, तूबी त्याला हातानंच सांग,” त्या ओरडल्या, “तेल तापलंय, तिसरी कढई हाय म्हणावं!”